बाजारात येणारे गणित वर्गात का येत नाही?

२०१९च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, हे वाचकांना स्मरत असेल. ‘बालभारती’च्या त्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’, ‘त्रेसष्ट’ या रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘साठ तीन’ असे संख्यावाचन सुचवण्यात आले होते. मराठी भाषेचा घात झाला, अशी हाकाटी झाली. विधिमंडळात विरोधी बाकांवरून मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून विनोद झाले, सत्ताधाऱ्यांनी त्यांना तशाच विनोदाने उत्तर दिले आणि समाजमाध्यमांना काही दिवस पुरेल एवढा खुराक मिळाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की, जुनी नावे पुस्तकातून काढलेली नाहीत. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी नावे अनेक लहान मुलांना अडतात, त्यांच्यासाठी ही एक पायरी आहे. दक्षिणेकडील भाषांत संख्या दशकापासून एककाकडे वाचल्या जातात, हेही त्यांनी दाखवून दिले. डॉ. नारळीकर २०२३च्या जुलैमध्ये आपल्यातून गेल्या. तो वाद त्याआधीच विस्मृतीत गेला होता.

त्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. सात वर्षांचे मूल ‘त्रेसष्ट’ म्हणते किंवा ‘साठ तीन’ म्हणते, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय उभे राहते? सहा दहा-दहाचे गठ्ठे आणि तीन सुट्या वस्तू उभ्या राहतात, की केवळ पाठ केलेला एक ध्वनी? पहिल्या प्रकारचे चित्र उभे राहत असेल, तर नाव कोणतेही चालेल. तसे होत नसेल, तर कोणतेही नाव उपयोगाचे नाही.

सहा वर्षांनी जवळपास तसेच घडले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६पासून राज्यात पहिलीचा अभ्यासक्रम बदलला. त्या निमित्ताने झालेली सारी चर्चा पहिलीपासूनच्या हिंदीभोवती फिरली, आणि २९ जून २०२५ रोजी ते शासन निर्णय मागे घेतल्यानंतर ती थांबलीही. भाषेचा प्रश्न गौण होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहिलीच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात यावर ज्या समाजाने इतके रान उठवले, त्याने ते मूल गणित कसे शिकणार आहे याविषयी चकार शब्द काढू नये, हे विचार करण्याजोगे आहे.

आकडे काय सांगतात?

‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५पासून ग्रामीण भारतातील मुलांच्या घरी जाऊन त्यांचे वाचन आणि गणित तपासतो. २०२४च्या अहवालानुसार तिसरीतील मुलांपैकी हातच्याची दोन अंकी वजाबाकी करू शकणारी मुले ३३.७ टक्के होती, आणि पाचवीतील मुलांपैकी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागू शकणारी मुले ३०.७ टक्के. २०२२च्या तुलनेत ही प्रगतीच आहे. तेव्हा हे आकडे अनुक्रमे २५.९ आणि २५.६ टक्के होते. तरीही तिसरीतील तीनपैकी दोन मुले साध्या वजाबाकीपाशी अडतात, हे वास्तव उरतेच. हे ग्रामीण भागाचे चित्र आहे म्हणून शहरी वाचकाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. शहरे आणि खासगी शाळा यांनाही सामावून घेणाऱ्या ‘परख’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात, डिसेंबर २०२४मध्ये, तिसरीतील ५५ टक्के मुलांनाच ९९पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत किमान दहापर्यंतचे पाढे येणारी आणि मूलभूत क्रियांमधील संबंध ओळखून त्यांचा वापर करू शकणारी मुले ५३ टक्के निघाली.

या आकड्यांवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, पूर्वीसारखे पाठांतर राहिले नाही, म्हणून ही अवस्था झाली. दुसरी म्हणते, गणित पुस्तकी झाले. ते जीवनाशी जोडले की मुलांना आपोआप येऊ लागेल. यातील दुसरी प्रतिक्रिया आधुनिक वाटते, धोरणांच्या मसुद्यांत ती आवर्जून लिहिलेली असते आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र त्या ‘आपोआप’मध्येच सारी गफलत आहे.

दोन्ही तीरांवरची मुले

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०२५च्या फेब्रुवारीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोबेल मानकरी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांमध्ये आहेत. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या १,४३६ मुलांचे गणित त्यात तपासले गेले. संशोधकांचे साहाय्यक साधे गिऱ्हाईक बनून या मुलांकडे गेले आणि त्यांनी मुद्दाम नेहमीपेक्षा वेगळ्या वजनांची खरेदी केली. उदाहरणादाखल समजा, ३० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि ४० रुपये किलोचे एक किलो ४०० ग्रॅम कांदे घेतले आणि दोनशेची नोट पुढे केली. अशा व्यवहारात विक्रेता मूल क्षणभर थांबते: बटाटे किलोला दोनशे ग्रॅम कमी, म्हणजे तिसातून सहा गेले, चोवीस, कांद्याचे शंभर ग्रॅमला चार, म्हणजे चाळीस आणि सोळा, छप्पन्न, एकूण ऐंशी, परत द्यायचे एकशे वीस. कागद नाही, पेन्सिल नाही. जवळजवळ सर्वच मुले असे व्यवहार बिनचूक करत होती.

याच मुलांपुढे शाळेच्या पद्धतीने मांडलेली, याहून सोपी वजाबाकी किंवा भागाकार ठेवला, तेव्हा मात्र ती अडखळली. हे भीतीमुळे झाले का, पाठ केलेल्या किमतींमुळे झाले का, कोणाची मदत मिळत होती का, हे सारे संशोधकांनी तपासले आणि या कारणांनी उलगडा होत नाही, असे त्यांना आढळले.

या अभ्यासाचा दुसरा भाग आपल्यासारख्या पालकांच्या दृष्टीने अधिक बोचरा आहे. जवळपासच्या शाळांत शिकणाऱ्या, बाजारात कधी काम न केलेल्या ४७१ मुलांचीही चाचणी घेण्यात आली. त्यांना साधी लेखी उदाहरणे अधिक चांगली जमली. पण काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलेले बाजारी उदाहरण शाळकरी मुलांपैकी केवळ एक टक्का मुलांना सोडवता आले. बाकीची कागदावर लांबलचक आकडेमोड करत राहिली, दोन क्रिया एकत्र करणे त्यांना साधले नाही आणि उत्तर आलेच तरी इतके उशिरा की, प्रत्यक्षात गिऱ्हाईक निघून गेले असते.

असे निरीक्षण प्रथमच झाले, असे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ व फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९८५मध्ये हाच विरोधाभास मांडला होता. रस्त्यावर ही मुले ९८ टक्के हिशेब अचूक करत, पण तेच हिशेब कोरड्या आकड्यांत मांडले की यशाचे प्रमाण ३७ टक्क्यांवर येई. पस्तीसला एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारल्यावर एका बारा वर्षांच्या मुलाने तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, अशा रीतीने वर चढत साडेतीनशे गाठले. दहाने गुणताना शेवटी शून्य द्यायचे, ही शाळेतली युक्ती त्याला त्या क्षणी आठवली नाही किंवा तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याला ठाऊक असलेली किंमत तीन नारळांची होती, कारण लोक नारळ तसे घेत.

या दोन अभ्यासांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जीवनात गणित आहे, म्हणून ते वर्गात येत नाही. आणि वर्गात गणित आहे, म्हणून ते जीवनात उतरत नाही. दोन्ही तीरांवर मुले उभी आहेत आणि मध्ये पूल नाही. बाजारातल्या मुलाला त्याच्या हिशेबाची लेखी भाषा कोणी दिली नाही, आणि शाळेतल्या मुलाला त्याच्या लेखी भाषेचा अर्थ कोणी दाखवला नाही. ‘जीवनाशी जोडणे’ म्हणजे हा पूल बांधणे होय. पूल हे काम आहे. ते कोणाला तरी रोज, वर्गात, करावे लागते.

पावकी-निमकीचा धडा

ही जाणीव आपल्याकडे नव्हती, असे नाही. जुन्या पिढीतील वाचकांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकलेली असेल किंवा घोकणाऱ्यांना ऐकले तरी असेल. आज ते पाठांतराचे प्रतीक मानले जाते. वस्तुतः ते त्या काळचे अगदी जीवनाशी जोडलेले गणित होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शेराचे अर्धा, पाव, आणि पुढे त्याचेही अर्धे. सारा व्यवहार अर्ध्याच्या अर्ध्याने चालत असल्याने पाव, निम, पाऊण, सवा, दीड यांचे पाढे दुकानाच्या गादीवर आणि कचेरीत रोज लागत. सव्वा रुपया वाराचे सात वार कापड म्हणजे पावणेनऊ रुपये, हे उत्तर जिभेवर असणे ही पोटापाण्याची गोष्ट होती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि या पाढ्यांखालची जमीन सरकली. शाळांतून त्यांचे पाठांतर मात्र त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिले. ज्यांनी ते तेव्हा घोकले, त्यांच्या वाट्याला अर्थ गेलेला आवाज तेवढा आला. भाजीवाल्याच्या तोंडी ‘पावशेर’ आजही आहे, पण त्याला अपेक्षित असतात ते अडीचशे ग्रॅम. शेर कोणी पाहिलेला नाही.

यातून निघणारा धडा सरळ आहे. कोणताही संदर्भ कायमचा ‘जिवंत’ नसतो. आज पाठ्यपुस्तकांत नाणी आणि नोटांची चित्रे असतात, दुकानाचा प्रसंग असतो. शहरातल्या सात वर्षांच्या मुलाने मात्र आई-वडिलांना मोबाइलने चौकट टिपून पैसे देताना पाहिलेले असते. २०१६मध्ये ‘यूपीआय’ आले आणि काही वर्षांतच सुटे पैसे मोजणे, परत घेणे, कमी आले म्हणून दुकानदाराकडे पुन्हा जाणे, हा बाळपणीचा सारा सराव अनेक घरांतून नाहीसा झाला. किराणा दहा-पंधरा मिनिटांत दारात येतो आणि हिशेब पडद्यावर तयार असतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला धाडलेले मूल जे गणित शिकत असे, ते शिकवण्याची जबाबदारी आता कोणावर आहे? घर समजते शाळेवर आणि शाळा समजते घरावर.

दुसरीकडे, याच शहरांत आई-वडिलांच्या कामात हात लावणारी मुलेही आहेत. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी घरोघरी लघुउद्योग चालणाऱ्या दाट वस्तीतील मुलांचे गणिती ज्ञान अभ्यासले आहे. शिवणकाम, चामड्याच्या वस्तू, किरकोळ विक्री यांतून मोजमापाची आणि हिशेबाची केवढी जाण या मुलांकडे असते, हे त्यातून दिसले. ती जाण वर्गात शिरताना दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखी बाहेरच राहते. म्हणजे एका मुलाकडे अनुभव नाही आणि दुसऱ्याच्या अनुभवाला वर्गात किंमत नाही. एकाच पुस्तकाने या दोघांना शिकवायचे आहे.

आंबे बदलून भागत नाही

जीवनाशी जोडण्याचा आपल्याकडील सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे शाब्दिक उदाहरणे. कोणाजवळ बारा आंबे होते, त्याने पाच दिले, किती उरले? यात आंबे आहेत, पण जीवन नाही. सात या उत्तराशी आंब्यांचा काही संबंध उरत नाही. मुलेही हे फार लवकर ओळखतात. फ्रान्समध्ये १९७९च्या सुमारास संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुसंख्य मुलांनी आकड्यांची बेरीज वगैरे करून वय सांगून टाकले. ती मुले मठ्ठ नव्हती. गणिताच्या तासाला अर्थ शोधायचा नसतो, दिलेल्या आकड्यांचे काहीतरी करायचे असते, हा शाळेचा अलिखित नियम त्यांनी पक्का आत्मसात केला होता.

नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेंटाल या गणितज्ञाच्या प्रेरणेने ‘वास्तवाधिष्ठित गणित शिक्षणा’ची चळवळ उभी राहिली. तिच्या नावातील ‘वास्तव’ या शब्दाचा डच भाषेतील छटेनुसार अर्थ आहे, मुलाला मनात स्पष्ट कल्पिता येईल असे. प्रसंग बाजारातलाच हवा असे नाही; परीकथेतला किंवा निव्वळ आकड्यांचा असला तरी चालेल, मात्र मुलाला तो आपला वाटला पाहिजे आणि त्यातून त्याने स्वतः गणित उभारले पाहिजे. संदर्भ सजावटीसाठी नसावा, विचार सुरू करण्यासाठी असावा, हा त्यातील मुख्य आग्रह.

आपल्या घरांत असे संदर्भ कमी नाहीत. गणेशोत्सवातले एकवीस मोदक घेऊ. मोदकपात्रात एका वेळी आठ बसतात. पुस्तकाप्रमाणे एकवीस भागिले आठ, भागाकार दोन, बाकी पाच, आणि उदाहरण संपले. स्वयंपाकघरात त्या बाकी पाचांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो आणि पात्र तिसऱ्यांदा लावावे लागते. ‘बाकी’ म्हणजे उत्तराच्या शेजारी लिहायचा आकडा नव्हे, ज्याची सोय लावायची आहे असे काहीतरी, हे मुलाला येथे समजते.

ठिपक्यांची रांगोळी तर याहून समृद्ध आहे. मधल्या ओळीत चार ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत एकापर्यंत, अशी छोटी रांगोळी मुलाला मांडू द्यावी. ठिपके किती? एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. मोजले तर सोळा. आता चार ओळींत चार-चार ठिपके मांडू द्यावेत. तेही सोळा. मधल्या ओळीत पाच घेतले तर? दोन्हीकडे पंचवीस. हे असे का होते, असे विचारून गप्प बसावे. कोणीतरी मूल दुसरा कागद उचलून कोपऱ्यावर उभा धरते आणि ओरडते की, ही तीच रांगोळी आहे! त्या क्षणी बेरीज आणि गुणाकार यांची गाठ पडलेली असते. त्यानंतर शिक्षकाने फळ्यावर १+२+३+४+३+२+१ = ४×४ लिहावे. ती ओळ आता मुलाने पाहिलेल्या गोष्टीची नोंद असते. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी ओळ आणि मग ‘उपयोग’ म्हणून रांगोळी, तर त्यातला प्राण जातो.

येथे एक सावधगिरीही हवी. जीवनातील संदर्भ नेहमी सरळच नेतात, असे नाही. क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणाऱ्या मुलाला १४.३ षटके म्हणजे साडेचौदा षटके, हे पक्के ठाऊक असते, कारण षटक सहा चेंडूंचे. दशांश अपूर्णांक शिकताना हेच ज्ञान त्याला गोंधळात टाकते. शिक्षकाला हा गोंधळ आधी दिसला पाहिजे आणि तो मुलासमोर मांडण्याची हिंमत त्याच्यात असली पाहिजे. तेथे पुस्तक पुरे पडत नाही.

नावातच दडलेली युक्ती

पुन्हा २०१९च्या वादाकडे वळू. ‘असर’च्या चाचणीत ज्या धर्तीची वजाबाकी असते तशी एक घेऊ: ६३ वजा ३९. लेखी रीत म्हणते, तिनातून नऊ जात नाहीत, शेजारून दशक घ्या. बाजारातले मूल म्हणेल, चाळीस काढले, तेवीस उरले. एक जास्त काढला तो परत, चोवीस. ही युक्ती आपल्या भाषेने संख्येच्या नावातच ठेवलेली आहे. ‘एकोणचाळीस’ म्हणजे एकाने ऊन, कमी, असे चाळीस. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी या सर्व नावांत तोच हिशेब आहे. ही नावे अवघड म्हणून टाकावीत असे एका बाजूने म्हटले, अस्मिता म्हणून राखावीत असे दुसऱ्या बाजूने म्हटले. नाव उघडून त्यातला अर्थ मुलाच्या हाती द्यावा, असे म्हणणारे आवाज त्यात बुडून गेले. ‘साठ तीन’ने दशक-एकक स्पष्ट होतात आणि ‘एकोणचाळीस’ने जवळच्या दशकाचा आधार घेण्याची सवय लागते. मुलाला दोन्हींची गरज आहे.

इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या शहरी मराठी घरांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. आजी ‘एकोणसत्तर’ म्हणते, रिक्षावाला ‘साडेसत्तावीस’ म्हणतो आणि मूल आईकडे पाहते. घरात ऐकू येणारी संख्या आणि शाळेत लिहायची संख्या या दोन वेगळ्या भाषांत राहू लागल्या की, पुलाचा एक खांब आधीच ढासळलेला असतो. अशा मुलाशी घरातले हिशेब मराठीतून बोलणे ही अस्मितेइतकीच गणिताचीही गरज आहे.

करण्यासारखे काय?

या विचाराला महाराष्ट्रात परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात जे बालशिक्षण उभे केले, त्यात परदेशी धाटणीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पाने, शिंपले यांना स्थान होते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणित शिक्षणाचे मोठे ध्येय सांगितले ते मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण करण्याचे. आकडेमोड हे त्यातले छोटे ध्येय. २०२०चे धोरण आणि २०२१मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान यांनी पायाभूत संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला आणि अभियानाने त्यासाठी २०२६-२७ची मुदत ठरवली. कागदावर कमतरता नाही.

उणीव आहे ती वर्गातील रोजच्या सवयींत. पहिली सवय, उत्तर बरोबर आल्यावरही ‘कसे काढलेस?’ असे विचारण्याची. आपल्याकडे हा प्रश्न केवळ चुकलेल्या मुलाला विचारला जातो, त्यामुळे तो शिक्षेसारखा वाटतो. पाच मुलांच्या पाच रीती फळ्यावर आल्या तर त्यांतून लेखी रीतीकडे जाणारी वाट दिसते. दुसरी, वर्षातून एकदा पालकांसाठी भरवल्या जाणाऱ्या ‘बाल बाजारा’ऐवजी वर्गाच्या कोपऱ्यात कायमचे दुकान ठेवण्याची. मात्र खेळ संपल्यावर त्याचा हिशेब वहीत मांडला गेलाच पाहिजे; अन्यथा तो केवळ खेळ राहतो. तिसरी, मूल्यमापनात तोंडी हिशेबाला खरे गुण देण्याची. परीक्षेत जे विचारले जात नाही, ते शिकवले जात नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

पाठांतराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही झटकून टाकण्यासारखा नाही. बाजारातली मुले जलद हिशेब करतात, कारण कितीतरी संख्यासंबंध त्यांना सरावाने तोंडपाठ असतात. पाढे यायलाच हवेत. परंतु ‘सात आठे छप्पन्न’ म्हणणाऱ्या मुलाला आठ आठवड्यांचे दिवस किती, हे विचारल्यावर उत्तर देता आले नाही, तर ते पाठांतर पावकी-निमकीच्या उत्तरकाळासारखे झाले, असे समजावे.

शिक्षकांकडून हे सारे अपेक्षिताना त्यांच्या स्थितीकडेही पाहिले पाहिजे. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती. पाच मुलांच्या पाच रीती ऐकून घेण्यासाठी लागतो तो वेळ, आणि नेमका तोच शिक्षकाकडून काढून घेतला जातो. नवा अभ्यासक्रम आला की पुस्तके छापली जातात, प्रशिक्षणाचे दिवस पार पडतात. मात्र मुलाच्या चुकीत त्याचा विचार कसा वाचावा, हे वर्षभर सोबत राहून सांगणारे कोणी शाळेत येत नाही. सरकारला खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. नव्या ‘साहित्यपेट्या’ बहुतेक शाळांत कपाटात जपून ठेवल्या जातात, हा अनुभव नवा नाही.

आणि पालकांनी? अ‍ॅबॅकसच्या वर्गाची फी भरण्याआधी एखाद्या संध्याकाळी मोबाइल खिशात ठेवून मुलाच्या हाती शंभराची नोट द्यावी आणि त्याला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे न्यावे. काय घ्यायचे ते त्याला ठरवू द्यावे, भाव त्याला विचारू द्यावेत, सुटे पैसे त्याला मोजू द्यावेत. मागे गिऱ्हाईक खोळंबेल, भाजीवाला हसेल, मूल चुकेल. उत्तर आपण सांगू नये. घरी आल्यावर तोच हिशेब त्याच्याबरोबर कागदावर मांडावा आणि बाजारात त्याने मनात जे केले, ते कागदावर कोठे दिसते, एवढे त्याला शोधायला सांगावे.